चंद्रावरची काळी रेघ

वसईला किंवा गोव्याला एखाद्या मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला गेलात, तर चर्चमध्ये एक प्रसंग हमखास येतो. विधी छान चाललेला असतो. गाणी, फुलं, पांढऱ्या झग्यातली नवरी... आणि मग शेवटी शेवटी मंडळी उठून रांगेने पुढे जायला लागतात. फादर प्रत्येकाच्या हातावर किंवा जिभेवर एक पांढरी, पातळ, पापडीसारखी गोल चकती ठेवतात. आपल्याला वाटतं, प्रसादच आहे, आपणही घ्यावा. तेवढ्यात शेजारची बाई हळूच सांगते, "ताई, हे आमच्यातल्यांनीच घ्यायचं असतं हं."

कितीही गोड शब्दांत सांगितलं, तरी मनाला थोडं लागतंच. सत्यनारायणाचा प्रसाद आपण दारावर आलेल्या कुणालाही देतो. कुणी नाही म्हटलं तर उलट आपल्यालाच वाईट वाटतं. मग यांचाच प्रसाद असा राखून का ठेवायचा?

यात सोवळंओवळं नाही आणि पाहुण्याला कमी लेखणंही नाही. कॅथलिकांच्या दृष्टीने तो प्रसाद नाहीच मुळी, ते साक्षात येशू ख्रिस्ताचं शरीर आहे. ते घेताना फादर "ख्रिस्ताचं शरीर" असं म्हणतात आणि घेणारी व्यक्ती "आमेन" म्हणते. म्हणजे "होय, माझा यावर विश्वास आहे" अशी साक्ष देते. ज्याचा तसा विश्वास नाही, त्याच्याकडून ती साक्ष वदवून घेऊ नये, असा त्यामागचा विचार. रांगेत उभं राहायला मात्र बऱ्याच ठिकाणी हरकत नसते. छातीवर दोन्ही हात आडवे घेतले की फादर नुसता आशीर्वाद देतात.

पण एवढीशी गव्हाची चकती म्हणजे साक्षात देव, हे त्या लोकांना पटतं तरी कसं? आपल्यासारखीच घर, मुलं, नोकरी सांभाळणारी शेजारीण दर रविवारी कशावर "आमेन" म्हणते?

रूप तेच, वस्तू दुसरी

गोष्ट सुरू होते ती येशूच्या शेवटच्या रात्री. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री तो शिष्यांबरोबर जेवायला बसला. त्याने भाकर घेतली, ती मोडून त्यांना दिली आणि हे आपलं शरीर असल्याचं सांगितलं. द्राक्षारसाचा प्याला दिला आणि हे आपलं रक्त असल्याचं सांगितलं. आपल्या आठवणीसाठी हे करत जा, असंही सांगितलं. कॅथलिक लोक रोज, आणि रविवारी तर न चुकता, जी 'मिस्सा' करतात तिचं मूळ या जेवणात आहे.

आता शब्द तेच असले तरी अर्थ लावण्यात ख्रिस्ती पंथांमध्ये फरक आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे आपल्याला मराठी ख्रिस्ती घराची ओळख झाली. पण ते घर प्रॉटेस्टंट. त्यांच्याकडे याला 'प्रभुभोजन' म्हणतात आणि बऱ्याच प्रॉटेस्टंट पंथांत ते मुख्यतः येशूची आठवण म्हणून घेतलं जातं. कॅथलिक मात्र म्हणतात, नुसती आठवण नाही, तो स्वतः तिथे असतो.

हे समजायला आपल्या गळ्यातल्या मंगळसूत्राचं उदाहरण घेऊ. सोनाराच्या दुकानात ती एक सर असते. लग्नात गळ्यात पडली की तिचा अर्थच बदलतो. पण सोनं? ते तेच राहतं. कॅथलिकांचं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. मिस्सेत फादरांनी येशूचे ते शब्द उच्चारल्यावर भाकरीचा रंग, चव, वास, वजन सगळं तसंच राहतं. प्रयोगशाळेत नेली तर गहूच सापडेल. पण ती वस्तू जे काही 'आहे', तेच बदललेलं असतं. ती आता भाकर नाही, ख्रिस्त आहे. १९६०च्या दशकात काही अभ्यासक म्हणायला लागले होते की, इथे फक्त अर्थ बदलतो, असं म्हटलं तर चालणार नाही का? त्यावर पोप सहावे पॉल यांनी १९६५ साली एक खास पत्र काढून स्पष्ट सांगितलं की तेवढ्याने भागत नाही.

म्हणूनच या चकतीबाबत इतके बारकावे पाळले जातात. ती फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी यांचीच हवी, खमीर नको. बऱ्याच ठिकाणी मठातल्या सिस्टर्स ती तापलेल्या साच्यात भाजतात. गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास असलेल्यांसाठी अगदी कमी ग्लुटेनची चकती चालते, पण गव्हाचा अंशच नसलेली चालत नाही, असं रोमने २०१७ मध्ये पुन्हा सांगितलं. ज्यांना तेवढंही सोसत नाही, ते नुसता द्राक्षारस घेऊ शकतात. घेण्याआधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही खायचं-प्यायचं नाही. उरलेल्या चकत्या वेदीजवळच्या एका कुलूपबंद पेटीत ठेवतात. तिच्याशेजारी आपल्या देवघरातल्या नंदादीपासारखा एक दिवा अखंड तेवत असतो. चर्च रिकामं असलं तरी शेजारीण आत शिरताना गुडघा टेकते, ती त्या पेटीकडे बघून. "तो आत आहे" असं तो दिवा सांगत असतो.

अनाथ मुलीने पाहिलेला चंद्र

या श्रद्धेचा एक मोठा सण आहे. त्याचं नाव कॉर्पस क्रिस्ती, म्हणजे ख्रिस्तशरीराचा सण. ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, गुरुवारी तो येतो. अनेक देशांत सोयीसाठी तो त्यापुढच्या रविवारी करतात. सूर्यकिरणांसारखी नक्षी असलेल्या सोनेरी पात्रात ती पांढरी चकती ठेवून रस्त्याने मिरवणूक काढतात. हा सण सुरू व्हायला कुणी राजा किंवा मोठा पंडित कारण झाला नाही. कारण झाली ती एक अनाथ मुलगी.

तिचं नाव जुलियाना. आजच्या बेल्जियममधल्या लिएज शहराजवळ ११९२च्या सुमारास ती जन्मली. पाच वर्षांची असताना आई-वडील गेले. तिला आणि तिच्या बहिणीला माँ-कॉर्नियों इथल्या मठात सोडण्यात आलं. या ठिकाणी कुष्ठरोग्यांची सेवा चालत असे. तिथेच ती वाढली, लॅटिन शिकली, जुन्या संतांचे ग्रंथ वाचू लागली आणि पुढे स्वतःही सिस्टर झाली.

त्या काळची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ख्रिस्तशरीराबद्दल लोकांना आदर खूप होता, पण तो लांबूनच. सामान्य माणसं ते क्वचितच घेत. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या धर्मपरिषदेला 'वर्षातून निदान एकदा तरी घ्या' असा नियम करावा लागला, यावरूनच कल्पना येईल.

जुलियाना सोळा वर्षांची असताना प्रार्थनेत तिला एक दृश्य दिसलं. पूर्ण चंद्र, लख्ख उजळलेला, पण त्याच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी रेघ. हे दृश्य पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. तिला त्याचा उलगडा असा झाला: चंद्र म्हणजे पृथ्वीवरची ख्रिस्तसभा आणि काळी रेघ म्हणजे तिच्यातली उणीव. वर्षभर इतके सण असतात, पण ज्या भाकरीत ख्रिस्त आपल्यात राहतो, तिचा म्हणून वेगळा सण नाही.

आणि मग ती काय करते? गप्प बसते. एक-दोन नाही, जवळजवळ वीस वर्षं! अशिक्षित म्हणून नव्हे, ती चांगली शिकलेली होती. पण एका बाईने उठून "तुमच्या पंचांगात एक सण कमी आहे" असं धर्मगुरूंना सांगायचं, ही त्या काळात सोपी गोष्ट होती का?

शेवटी तिने मन मोकळं केलं ते दोन मैत्रिणींजवळ. एक इव्ह, ही लिएजच्या सेंट मार्टिन चर्चजवळ एका खोलीत एकांतवासात राहणारी तपस्विनी. दुसरी इझाबेला, ही नंतर मठात तिची सोबतीण झाली. तिघींनी मिळून ठरवलं की हे काम तडीस न्यायचं. एका ओळखीच्या धर्मगुरूंना त्यांनी गळ घातली की, तुम्ही जाणकारांचं मत घ्या. त्या जाणकारांमध्ये जाक पांतालेओं नावाचे एक धर्माधिकारी होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. लिएजचे बिशप रॉबेर आधी कचरले, पण १२४६ साली त्यांनी आपल्या भागापुरता हा सण सुरू केला.

इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती. पण तसं झालं नाही. काही धर्मगुरूंचा आणि ज्यांच्या हाताखाली तो मठ होता त्या वरिष्ठाचाही तिला कडवा विरोध होता. पाठीशी असलेले बिशप रॉबेर त्याच वर्षी वारले. १२४८ मध्ये जुलियानाला मठ सोडावा लागला. जिथे पाच वर्षांची असताना आली, जिथे पन्नाशी ओलांडली, तेच घर सुटलं. त्यानंतरची दहा वर्षं ती थोड्याशा सोबतिणींसह या मठातून त्या मठात पाहुणी म्हणून राहिली. कुणाबद्दलही वाईट शब्द तिने काढला नाही, असं तिचं चरित्र सांगतं. १२५८ साली फॉस-ला-व्हील या गावी ती वारली. तिच्या खोलीत त्या वेळी ख्रिस्तशरीर आणून ठेवलं होतं. त्याच्याकडे बघत बघतच तिने डोळे मिटले.

आता ते लक्षात ठेवलेलं नाव. जाक पांतालेओं १२६१ साली पोप झाले, चौथे अर्बन या नावाने. ११ ऑगस्ट १२६४ रोजी त्यांनी हा सण सगळ्या कॅथलिक जगासाठी जाहीर केला. त्याच्या प्रार्थना लिहिण्याचं काम थोर तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्याकडे दिलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी एक पत्र लिहिलं, लिएजच्या त्या एकांतवासातल्या इव्हला! तुमच्या मनात होतं ते झालं, हे कळवणारं. जुलियानाला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पुढच्याच महिन्यात पोपही वारले आणि सण पुन्हा मागे पडला. तो सगळीकडे रुजायला १३१७ साल उजाडावं लागलं.

फक्त भाकरीत नाही

जुलियानाची रेघ पुसली गेली खरी, पण पुढच्या काही शतकांत एक वेगळीच गंमत झाली. लोक ख्रिस्तशरीर डोळे भरून पाहायला गर्दी करत आणि स्वतः घ्यायला मात्र बिचकत. आपण कुठे एवढे पवित्र, अशी भीती. ही भीती घालवायला १९०५ साली पोप दहावे पायस यांनी वारंवार, शक्य तर रोजही घ्या, असं सांगितलं. १९१० मध्ये मुलांचं वय सातच्या आसपास आणलं. पांढरे फ्रॉक घालून 'पहिली कम्युनियन' घेणाऱ्या चिमुरड्या मुली वसईत आणि गोव्यात आज दिसतात, त्या या निर्णयामुळे.

त्याहून मोठी गोष्ट ४ डिसेंबर १९६३ रोजी झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेबद्दल दस्तऐवज मंजूर केला. मिस्सा लोकांच्या भाषेत व्हायला वाट मिळाली ती यातूनच. लॅटिन न समजता माळ ओढत बसणाऱ्या आज्यांना पहिल्यांदाच आपल्या मराठीत, कोकणीत उत्तरं देता यायला लागली.

त्याच दस्तऐवजात सांगितलंय की उपासनेत ख्रिस्त एकाच ठिकाणी नसतो. मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूंच्या ठायी तो असतो. बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांत तोच कृती करतो. बायबल वाचलं जातं तेव्हा तोच बोलतो. आणि जमलेली माणसं प्रार्थना करतात, गातात, तेव्हा त्यांच्यातही तो असतो. भाकरीतली उपस्थिती यांत सगळ्यात विशेष, हे कायम आहे. पण बाकड्यावर शेजारी बसलेली, खोकणारी, रडकं मूल मांडीवर घेतलेली बाई, तीही त्या उपस्थितीत आली की नाही?

हा विचार तसा नवा नाही. पहिल्या शतकात संत पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना याच कारणासाठी फैलावर घेतलं होतं. तिथे श्रीमंत आधीच पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. हे प्रभूचं जेवण नव्हेच, असं त्याने बजावलं. चौथ्या शतकात संत जॉन क्रिसोस्तम यांनी प्रवचनात विचारलं होतं, की चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशीम नेसवायचं आणि बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे बघायचंही नाही, याला काय अर्थ?

मुंबईतली पांढरी मोटार

१९६४च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत ओव्हल मैदानावर याच विषयावर ३८वी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली. युखरिस्त हे या संस्काराचं मूळ ग्रीक नाव, त्याचा अर्थ 'आभार मानणं'. पोप सहावे पॉल स्वतः आले. भारतात पाय ठेवणारे ते पहिले पोप. दौऱ्यासाठी त्यांना पांढरी लिंकन मोटार भेट मिळाली होती. परत जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेले पैसे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी वापरले.

जुलियाना जिथे वाढली तिथेही कुष्ठरोग्यांचीच सेवा चालत होती. मदर तेरेसांच्या सिस्टर्स १९७३ पासून रोज एक तास त्या पांढऱ्या चकतीसमोर शांत बसून प्रार्थना करतात आणि मग जखमा धुवायला बाहेर पडतात. भाकरीत दिसतो तोच जखमेत दिसतो, असं मदर म्हणत असत. या श्रद्धेचा खरा कस इथे लागतो.

बाकड्यावर बसून राहिलेल्या

कस लागण्याच्या जागा आणखीही आहेत. रविवारी रांग पुढे सरकते तेव्हा काही बायका जागेवरच बसून राहतात. त्यांतल्या काहींनी घटस्फोट घेतलेला असतो. इथे एक मोठा गैरसमज आहे, कॅथलिक बायकांमध्येसुद्धा. नुसता घटस्फोट झाला म्हणून ख्रिस्तशरीर घेता येत नाही, हे खरं नाही. नवऱ्याने टाकलेल्या किंवा छळाला कंटाळून वेगळं झालेल्या बाईला त्यापासून कुणी अडवू शकत नाही. अडचण येते ती पहिलं लग्न चर्चने रद्दबातल ठरवलेलं नसताना दुसरा संसार थाटला तर. तिथेही पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली एकेका व्यक्तीची परिस्थिती समजून घेऊन वाट शोधायला सांगितलं. त्यावर चर्चमध्ये अजून एकमत नाही. पण एखादी मैत्रीण वर्षानुवर्षं नुसत्या समजुतीने मागे बसत असेल, तर तिने एकदा फादरांना विचारायला हवं.

घरात बसून राहावं लागणं म्हणजे काय, हे तर सगळ्यांनीच अनुभवलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. महाराष्ट्रातली चर्चेस इतर प्रार्थनास्थळांबरोबरच १६ नोव्हेंबरपर्यंत बंद होती. मिस्सा मोबाइलवर दिसायची. वाचन ऐकू यायचं, गाणी म्हणता यायची. पण ख्रिस्तशरीर? ते पडद्यातून कसं मिळणार! मनाने घ्या, असं फादर सांगत आणि तशी प्रार्थनाही आहे. तरी अनेकींना उपाशी राहिल्यासारखं वाटलं. लेकीचा चेहरा व्हिडिओवर रोज दिसतो, पण तिला कुशीत घेता येत नाही, तसंच हे. त्याच २७ मार्चला रोममध्ये पाऊस पडत होता. ओस पडलेल्या चौकासमोर एकटे पोप फ्रान्सिस त्या सोनेरी पात्राने साऱ्या जगाला आशीर्वाद देत होते. ज्यांनी टीव्हीवर ते पाहिलं, त्या विसरणार नाहीत.

आणि बायकांचं काय? कॅथलिक चर्चमध्ये बाई धर्मगुरू होऊ शकत नाही. म्हणजे भाकरीवर ते शब्द उच्चारण्याचा अधिकार तिला नाही. हे अनेकींना खुपतं आणि त्यावर बोललंही जातं. पण १९७३ पासून ख्रिस्तशरीर वाटायला गरजेप्रमाणे प्रापंचिक माणसांची मदत घेता येते, त्यात बायकाही आल्या. १९९४ मध्ये वेदीवर सेवा करायला मुलींना परवानगी मिळाली. २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांसाठी रीतसर खुली झाली. पावलं लहान आहेत. पण तोंड उघडायला वीस वर्षं थांबलेल्या जुलियानाच्या मानाने बघा.

आज कित्येक गावांत रविवारची मिस्सा आटोपली की कुणीतरी ताई किंवा काकू छोटी सोनेरी डबी घेऊन निघते. डबीत चार-पाच चकत्या असतात. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, डोळ्यांनी न दिसणारे आजोबा, नुकतंच ऑपरेशन झालेली सून, अशी घरं ठरलेली असतात. वाटेत ती कुणाशी गप्पा मारत नाही. आजीच्या खोलीत टेबल पुसून पांढरा कपडा अंथरलेला असतो, त्यावर मेणबत्ती. छोटीशी प्रार्थना होते. मग ती चकतीचा एक तुकडा करते, घोटभर पाण्याबरोबर आजीला देते आणि म्हणते, "ख्रिस्ताचं शरीर."

आजीला आता धड बोलता येत नाही. पण "आमेन" मात्र ती स्पष्ट म्हणते.